विद्यार्थी म्युझिक व्हिडिओसाठी गाणं कसं निवडावं

प्रोजेक्ट जाहीर झाला की पहिली बैठक बहुतेक वेळा कॅन्टीनमध्येच भरते. चार-पाच जण, मध्ये एक मोबाइल आणि प्रत्येकाचं ‘हे ऐक ना’. ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याच्या घरी कॅमेरा, त्याचं गाणं ठरतं. निवडीला अर्धा तासही लागत नाही, आणि पुढचे पाच आठवडे सगळा ग्रुप ते निस्तरत बसतो.

मास मीडियाच्या मुलांना असे व्हिडिओ करताना मी काही वर्षं जवळून मदत करते आहे. साध्या मोबाइलवर केलेले, पण शेवटपर्यंत बघावेसे वाटणारे व्हिडिओ मी पाहिलेत, आणि भाड्याचा महागडा कॅमेरा आणूनही दुसऱ्या मिनिटाला दम सुटलेले पाहिलेत. खूपदा फरक गाण्याच्या निवडीतच पडलेला असतो.

गाण्याबद्दल बोलताना आपण ‘जागा’ हा शब्द वापरतो. गायकाने काय सुरेख जागा घेतली, असं म्हणतो. हाच शब्द थोडा वळवून घेते: तुम्ही निवडताय त्या गाण्यात चित्रासाठी जागा आहे का? काही गाणी ऐकतानाच इतकी भरलेली असतात की त्यांवर काहीही दाखवा, ते उपरंच वाटतं. काही गाणी थांबतात, श्वास घेतात, काहीतरी सांगायचं शिल्लक ठेवतात. तुम्हाला शोधायचं आहे ते या दुसऱ्या जातीचं गाणं. खाली दिलेल्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी कागद वाचा

प्रोजेक्टचा जो कागद किंवा मेसेज आला असेल तो सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचा. किती मिनिटांचा व्हिडिओ? ओठ जुळवून गाणारं पात्र हवंच आहे, की नुसती गोष्ट चालेल? गुण दिग्दर्शनाला, छायाचित्रणाला की संकलनाला? संकलनाला गुण जास्त असतील तर तीन लांब शॉटमध्ये संपणारं संथ गाणं निवडून तुम्ही स्वतःचंच नुकसान कराल.

मग सरांना किंवा मॅडमना एक प्रश्न नक्की विचारा: हा व्हिडिओ फक्त वर्गात दाखवायचा आहे, कॉलेजच्या चॅनेलवर जाणार आहे, की आम्ही तो फेस्टिव्हललाही पाठवू शकतो? उत्तर लिहून ठेवा. पाचव्या पायरीवर सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

पायरी २: हात आणि दिवस मोजा

इथे थोडं गणित करावं लागतं. चार मिनिटांचं गाणं म्हणजे २४० सेकंद. सरासरी चार सेकंदांचा एक शॉट धरला तर ६० शॉट झाले. नवख्या ग्रुपकडून दिवसभरात धड वापरता येतील असे वीस-पंचवीस शॉट होतात, तेही जागा एकच असेल आणि ऊन साथ देत असेल तर. म्हणजे हे गाणं तीन दिवसांचं झालं. तुमच्याकडे शनिवार-रविवारच असेल तर दोनच वाटा उरतात: अडीच मिनिटांचं गाणं घ्या, किंवा असं संथ गाणं घ्या ज्यात दहा-बारा सेकंदांचा शॉट कंटाळवाणा वाटणार नाही.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. पंधरा सेकंद टाळी धरा, ठोके मोजा, चारने गुणा. मिनिटाला १०० ठोके आले तर एक ठोका ०.६ सेकंदांचा. तुम्ही सेकंदाला २५ फ्रेमने शूट करत असाल तर बरोबर १५ फ्रेम. ७५ ठोके असतील तर २० फ्रेम. संकलन करणाऱ्याला हा आकडा पहिल्याच दिवशी द्या. तबला वाजवणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला ताल ओळखायला सांगा: केरवा असेल तर आठ मात्रांचं आवर्तन, दादरा असेल तर सहा. प्रत्येक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारू नका, पण सम कुठे आहे हे माहीत असू द्या. वेगवान गाणं नवख्यांना मोह घालतं, कारण त्यात ऊर्जा आयती मिळते. पण त्याला शॉटही तेवढेच जास्त लागतात.

गाणं लांब असेल तर एक अंतरा गाळता येतो, मात्र त्याच्या आधीच्या म्युझिक पीससकट आणि समेवरून समेवर. ओळीच्या मधे कापलेलं गाणं, संगीत न शिकलेल्या माणसालाही खटकतं. आणि कापायचं असेल तर मालकाच्या परवानगीत तसं लिहून घ्यावं लागतं.

पायरी ३: आवडीच्या यादीबाहेर शोधा

दहा-बारा गाणी जमा करा. अट अशी की त्यातली निम्मी तरी तुमच्यापैकी कोणाच्याच प्लेलिस्टमध्ये आधी नसावीत. मोबाइल आपल्याला आपण ऐकतो त्याच्यासारखंच पुन्हा ऐकवतो, म्हणून थोडं बाहेर पडा.

सगळ्यात आधी तुमच्याच कॉलेजात विचारा. युवक महोत्सवाला गाणारी मुलं, हॉस्टेलवर गिटार घेऊन बसणारा कोणी, स्वतःच्या कविता वहीत दडवून ठेवणारी कोणी. एका ग्रुपने दोन आठवडे मुंबई-पुण्यातल्या बँडना मेल पाठवण्यात घालवले आणि शेवटी गाणं मिळालं ते त्यांच्याच वर्गातल्या, मागच्या बाकावरच्या मुलीचं. तिने ते स्वतः लिहिलं होतं, स्वतः चाल लावली होती. परवानगीचा प्रश्न एका चहावर सुटला, आणि शूटिंगच्या वेळी ती शेजारी उभी राहून कुठल्या ओळीला काय वाटतं ते सांगत होती.

दुसरा खजिना लोकगीतांचा. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, गोंधळ, भारूड, कोळीगीतं, गोव्यातली धालो आणि फुगडीची गाणी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मुलं या गाण्यांकडे ‘शाळेच्या गॅदरिंगचं’ म्हणून पाहतात आणि फार मोठी गोष्ट हातची घालवतात.

भोंडल्याचं कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लावला, तर आता त्याला कारली लागू दे. कारली लागली, तर भाजी कर. प्रत्येक कडव्यात मागणी तीच, अट नवी, आणि माहेर एक पाऊल लांब. पटकथेच्या वर्गात जे शिकायला सत्र जातं ते या गाण्यात आयतं आहे: दोन पात्रं, एक इच्छा, वाढत जाणारा अडथळा. शॉटची यादी गाणंच हातात देतं. आता हेच गाणं आजच्या एखाद्या ऑफिसात ठेवून बघा, जिथे एका मुलीला गावी जायला रजा हवी आहे आणि दर वेळी तिच्यापुढे एक नवं काम येऊन पडतं. एकही शब्द बदलावा लागत नाही. चित्रासाठी जागा म्हणते ती हीच.

जात्यावरच्या ओवीचंही तसंच. ओळी थोड्या, चाल सावकाश, दोन ओळींमध्ये दगडाची घरघर. त्या घरघरीत कॅमेऱ्याला हवं ते करता येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यातल्या कित्येक गाणाऱ्या बाईच्या नावागावासह ऐकायला मिळतात. ऐका, चाल शिका, पण तिथलं ध्वनिमुद्रण उचलायचं असेल तर आधी त्यांना लिहून विचारा. त्या आवाजामागे एक खरी बाई आहे.

तिसरा साठा जुन्या कवितांचा आणि नाट्यपदांचा. त्याबद्दल हक्कांच्या पायरीवर बोलते.

पायरी ४: तीनदा ऐका, तीन तऱ्हांनी

पहिल्यांदा हेडफोन लावून, डोळे मिटून, मोबाइल बाजूला ठेवून. गाण्याचा आधीचा व्हिडिओ असेल तर तो अजिबात बघू नका. एकदा पाहिलेलं चित्र डोक्यातून जात नाही, आणि मग तुम्ही नकळत त्याचीच नक्कल करता.

दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन. पानावर उभी रेघ मारा आणि वेळ लिहीत जा: सुरुवातीचं संगीत कुठपर्यंत, ध्रुवपद कधी, पहिला म्युझिक पीस किती सेकंदांचा, अंतरा कधी, ध्रुवपद परत कधी येतं, शेवट कसा होतो. चारच गोष्टी बघायच्या आहेत. आवाज सुरू होण्याआधी किमान दहा सेकंद मिळतात का, म्हणजे जागा आणि पात्र दाखवता येईल? दोन ओळींच्या मधे श्वास आहे का? अंतऱ्याआधी पंधरा-वीस सेकंदांचा असा तुकडा आहे का, जिथे गोष्ट पुढे सरकेल, वेळ बदलेल, कोणी घरातून निघून स्टेशनवर पोहोचेल? आणि ध्रुवपद परत येतं तेव्हा संगीतात काही बदलतं का? बदलत नसेल तर तो बदल तुम्हाला चित्रातून आणावा लागेल. ते जमतं, पण आधी ठरवून.

ज्या गाण्यात शब्द एकावर एक येत राहतात, तिथे कॅमेऱ्यापुढे ओठांशिवाय काही उरत नाही. रॅप करताना हे लक्षात ठेवा. माणूस समर्थ असेल तर त्याच्या चेहऱ्यावर अडीच मिनिटं काढता येतात. तसा माणूस तुमच्याकडे आहे का, हा खरा प्रश्न.

तिसऱ्यांदा रस्त्यावर ऐका. एसटीत, लोकलमध्ये, संध्याकाळी चालताना. गाणं कानात आणि समोर जे असेल ते. कुठलं दृश्य गाण्याला आपोआप चिकटतं आणि कुठलं गळून पडतं, हे टिपत जा. निम्म्या लोकेशन तुम्हाला अशाच सापडतील.

आता शब्दांबद्दल. गाणं पूर्ण हाताने लिहून काढा. टाइप करू नका, हाताने. लिहिताना कळतं की आपल्याला ज्याचा अर्थ माहीत नाही असे किती शब्द आपण गुणगुणत होतो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा कोकणी गाणं असेल तर ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला समोर बसवून विचारा. ओठ जुळवणाऱ्या पात्राला तर ती बोली यायलाच हवी. ‘चहा’मधला च आणि ‘चाक’मधला च ओठांवर वेगळे दिसतात, आणि त्या भागातला प्रेक्षक ते पहिल्या ओळीत पकडतो.

लिहून झालं की प्रत्येक ओळीपुढे पहिलं सुचलेलं चित्र लिहा आणि मग ते खोडा. चंद्र म्हटलं की चंद्र, पाऊस म्हटलं की पाऊस, डोळे म्हटलं की डोळ्यांचा क्लोजअप: ही पहिली सुचलेली चित्रं सगळ्यांना सुचतात. खोडल्यावर दुसरं काही सुचलं का? एकाही ओळीपुढे जर काहीच सुचलं नाही, तर ते गाणं कितीही लाडकं असो, यादीतून काढा. त्याच्यात तुमच्यासाठी जागा नाही.

पायरी ५: गाणं कोणाचं आहे ते शोधा

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि मुलं नेमकी हीच टाळतात. मीही टाळली होती. शिकत असताना आम्ही एका प्रसिद्ध गाण्यावर व्हिडिओ केला, मनापासून केला, आणि एका महोत्सवाने तो निवडलाही. मग त्यांनी गाण्याच्या परवानगीचं पत्र मागितलं. आमच्याकडे ते नव्हतं, आणि व्हिडिओ तिथेच अडला. चूक आमची होती. तेव्हापासून मी प्रत्येक ग्रुपला आधी हाच कागद मागते.

एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगळे असू शकतात आणि तिघांची मुदतही वेगळी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांवरचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, चालीवरचा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. तिन्ही वेळा मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते.

उदाहरणाने सांगते. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं. इतकं जुनं म्हणजे मोकळंच असणार, असं वाटतं. पण गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत राखीव. सुधीर फडके गेले २००२ साली, म्हणजे चाली २०६२ च्या अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रण कितीही जुनं असलं तरी ही दोन कुलुपं उघडत नाहीत.

अभंगांच्या बाबतीत तर हमखास फसायला होतं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण आपल्या कानात बसलेली चाल बहुधा विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते. श्रीनिवास खळे यांनी तुकोबांच्या ज्या अभंगांना चाली लावल्या, त्या चाली २०७१ च्या अखेरपर्यंत मोकळ्या नाहीत, कारण खळेकाका २०११ साली गेले. अभंग घ्या, जरूर घ्या, पण वारकरी भजनाच्या पारंपरिक चालीत गा किंवा तुमच्या मित्राकडून नवी चाल लावून घ्या.

आता मोकळं काय आहे ते. बालकवी १९१८ साली गेले, भा. रा. तांबे १९४१ साली, मर्ढेकर १९५६ साली. तिघांच्याही कविता आज कोणालाही वापरता येतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक त्यानंतर, १९५२ साली आलं. लेखकाच्या मागे प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजतात, म्हणून ते शब्द २०१३ पासून मोकळे. सिनेमातल्या किंवा कॅसेटवरच्या चाली मात्र घेऊ नका. बहिणाबाईंच्या ओळी ओवीच्या अंगाच्या आहेत, त्यांना नवी चाल फार लवकर सापडते.

आणि नाट्यपदं. ‘संगीत मानापमान’ १९११ सालचं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ साली गेले. म्हणजे २०१६ पासून शब्दही मोकळे आणि चालीही. कॉलेजातली एक गाणारी मुलगी, एक पेटी, एक तबला आणि एक शांत खोली, एवढ्यावर तुमच्या मालकीचं ध्वनिमुद्रण तयार होतं. गाणाऱ्यांचे आणि वाजवणाऱ्यांचे स्वतःचेही हक्क असतात, म्हणून त्यांच्या सह्या घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चालीवर विसाव्या वर्षाचे चेहरे काय करू शकतात हे मला पाहायला फार आवडेल, अजून कोणी धजलेलं नाही.

काही गैरसमज इथेच दूर करते. दहा सेकंद किंवा तीस सेकंद वापरले तर चालतं, असा कुठलाही नियम नाही. खाली ‘हक्क मूळ मालकाचे’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. इन्स्टाग्रामच्या आतलं संगीत इन्स्टाग्रामवरच्या रीलपुरतं असतं, ते काढून प्रोजेक्टला लावता येत नाही. गाणं स्वतः पुन्हा गाऊन घेतलं तरी शब्द-चालीचा प्रश्न उरतोच: कव्हर व्हर्जनसाठी कायद्यात सोय आहे, पण ती फक्त ध्वनिमुद्रणापुरती, चित्राला जोडण्यासाठी नव्हे. हॉलमध्ये गाणी वाजवण्याचं लायसन्स कॉलेजकडे असेल, तर तेही तुमच्या व्हिडिओला लागू होत नाही.

वर्गातल्या शिक्षणासाठी कायद्याच्या ५२ व्या कलमात सवलत आहे. शिकण्याचा भाग म्हणून केलेलं काम, आणि संस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक यांच्यासमोर दाखवलेलं काम तिच्यात बसू शकतं. पण तोच व्हिडिओ इंटरनेटवर किंवा महोत्सवात गेला की त्या सवलतीचा आधार धरू नका. पहिल्या पायरीवर विचारलेला प्रश्न इथे कामाला येतो.

यूट्यूबवर टाकलंच तर काय होतं? तिथली कन्टेंट आयडी नावाची यंत्रणा गाणं ओळखते आणि मालकाचा दावा लागतो. मग मालक ठरवतो: व्हिडिओ चालू ठेवून जाहिरातीचे पैसे स्वतः घ्यायचे, की तो बंद करायचा. दावा आणि स्ट्राइक, म्हणजे चॅनेलला मिळणारी ताकीद, हे वेगळे. मालकाने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर स्ट्राइक येतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जाऊ शकतं. कॉलेजचं चॅनेल असेल तर आधीच्या सगळ्या बॅचेसचं काम त्याबरोबर जाईल, याचा विचार करा.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे मालकाने काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेलं, संगीत घ्यायचं असेल तर लायसन्सची अक्षरं नीट वाचा. ‘बीवाय’ असेल तर नाव देऊन वापरा. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापर नाही. ‘एसए’ म्हणजे तुमचा व्हिडिओही त्याच लायसन्सखाली द्यावा लागेल. ‘एनडी’ असेल तर सोडून द्या: या लायसन्समध्ये संगीत चालत्या चित्राला जोडणं हाच बदल मानला जातो, आणि एनडी बदलाला परवानगी देत नाही.

पायरी ६: परवानगी मागा, लाजू नका

स्वतंत्र कलाकार विद्यार्थ्यांना बऱ्याचदा होकार देतात, पण त्यांना नेमकं काय हवंय ते कळलं पाहिजे. ‘सर तुमचं गाणं वापरू का प्लीज’ एवढ्या मेसेजला कोणी काय उत्तर देणार? पत्र एका पानाचं लिहा. तुम्ही कोण, कुठल्या कॉलेजचे, कुठल्या वर्षाचे. कुठलं गाणं, पूर्ण की कापून. गोष्ट काय आहे, चार ओळींत. व्हिडिओ कुठे दाखवणार: वर्ग, महोत्सव, यूट्यूब. पैसे मिळवणार नाही, हे स्पष्ट. किती काळासाठी. श्रेयनामावलीत नाव कसं द्यायचं. आणि शेवटी, तयार झाल्यावर आधी तुम्हाला दाखवू. हे शेवटचं वाक्य पाळायचं असेल तरच लिहा.

उत्तर लेखी घ्या. मेल चालेल, फोनवरचं ‘हो रे, वापर’ चालणार नाही. बँड असेल तर गीत कोणाचं, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला हे विचारा. गाणं एखाद्या कंपनीकडे दिलं असेल तर एकट्या गायकाच्या होकाराने काम होत नाही.

मोठ्या कंपनीला लिहायचं तर लिहा, पण तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर दुसऱ्या गाण्याकडे वळा. म्हणूनच या टप्प्यावर हातात तीन गाणी असावीत, एक नव्हे.

पायरी ७: मोबाइलवर एक दिवस

उरलेल्या दोन-तीन गाण्यांवर एकेक कच्चा व्हिडिओ करा. कॉलेजच्या आवारात, मोबाइलवर, हाताशी असतील त्या कपड्यांत. फक्त ध्रुवपद आणि पहिला अंतरा. वेळ दोन तास.

इथे दोन गोष्टी तपासा. एक, ओठ जुळवणारा माणूस खरंच गातोय का. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत, आणि ते लगेच दिसतं. स्पीकर मोठा लावा आणि त्याला मोकळ्या गळ्याने गायला सांगा, बेसूर असलं तरी चालेल. दोन, स्लो मोशन हवं असेल तर आत्ताच करून बघा. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून २५ ने दाखवायचं असेल, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, तरच हालचाल संथ होऊनही ओठ जुळतात. दुप्पट वेगात ती ओळ तोंडात बसते का? वेगवान गाण्यात बसत नाही. संथ भावगीतात छान बसते.

कच्चे तुकडे जोडून ग्रुपबाहेरच्या दोघांना दाखवा. एकदा आवाजासह, एकदा आवाज बंद करून. आवाज बंद असतानाही त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं तर गोष्ट उभी आहे. पुन्हा आवाज लावल्यावर ‘अरे, हे असं होतं होय’ असं म्हणाले, तर गाणं सापडलं.

पायरी ८: फाईल कुलूपबंद करा

गाणं ठरलं की कलाकाराकडून मूळ फाईल मागा: वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ. यूट्यूबवरून उतरवलेली एमपीथ्री नको. नुसत्या वाद्यांचा ट्रॅकही मिळत असेल तर घेऊन ठेवा, श्रेयनामावलीखाली किंवा एखादा संवाद आला तर उपयोगी पडतो. एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या दोन-तीन सेकंदांनी लहानमोठ्या असतात. दिग्दर्शकाच्या मोबाइलमध्ये एक, सेटवरच्या स्पीकरला दुसरी आणि संकलकाकडे तिसरी असं झालं की एकही ओठ जुळत नाही.

म्हणून एकच फाईल, नावात तारीख घालून, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. जुन्या सगळ्या काढून टाका, अगदी व्हॉट्सअॅपवरच्यासुद्धा. वेळ लिहिलेला तो उभ्या रेघेचा कागद त्याच फाईलप्रमाणे पुन्हा तपासा, त्याची झेरॉक्स परवानगीच्या मेलच्या प्रिंटबरोबर एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि तो फोल्डर शूटिंगच्या दिवशी कोणाच्या बॅगेत असेल ते आजच ठरवा.